भावाची मोटार

तो दगड मी आधी ओळखलाच नाही. आडवा पडला होता, तोंड मातीत खुपसून. रस्ता रुंद करायला आलेल्या यंत्रानं त्याला उपटून नालीच्या कडेला लोटून दिलं होतं आणि त्याच्या उघड्या पडलेल्या बुडाला ओली लाल माती चिकटलेली होती. मी छत्रीच्या टोकानं कडेची माती जराशी खरवडली. खालून पिवळा रंग निघाला, आणि मी तिथल्या तिथं मटकन बसले.

"काय झालं आजी? चक्कर आली का?" कामावरचा मुकादम धावत आला. पन्नाशीचा असेल, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला.

"चक्कर नाही आली. ओळखीचा निघाला," मी म्हटलं.

म्हातारीचं डोकं फिरलं असं त्याला वाटलं असणार. वाटू दे. बत्तीस वर्षं शाळेत पोरं हाकली आहेत मी, कोणाला काय वाटतं याची फिकीर केव्हाच सोडली. त्यानं पाण्याची बाटली पुढं केली, मी दोन घोट प्याले आणि दगडाशेजारीच बसून राहिले. समोरून लोखंडाच्या मातीचे ट्रक एकामागून एक चालले होते. त्यांच्या हवेनं माझा पदर उडत होता, आणि नाकात मात्र, सांगून खरं वाटणार नाही, मोहफुलांचा वास येत होता.

चांद्याहून मूलकडे जाणाऱ्या सडकेवर आमचं ढिवरांचं, मासे धरणाऱ्यांचं गाव. चंद्रपूर म्हणायचं माझ्या अजून तोंडी बसत नाही. तेव्हा ते चांदाच होतं. गावाच्या एका अंगाला तळं, दुसऱ्या अंगाला जंगल, मधून मुरमाची सडक आणि सडकेच्या काठावर हा मैलाचा दगड. चैत्रात सगळ्या सडकेवर मोह सांडलेला असायचा. पहाटे वेचायला जावं तर वासानंच डोकं जड व्हायचं. पावसाळ्यात सडकेवर चिखल, चिखलात बेडकं, आणि ओढ्याला पाणी आलं की तीन-तीन दिवस ना मोटार ना बंडी. दिवाळीच्या आगेमागे धान कापायला येई आणि सकाळी सकाळी धुक्यात ओल्या तणसाचा वास भरून राही. शिंगाड्यांचे दिवस तेच. उकडलेल्या शिंगाड्यांनी बोटं काळी व्हायची ती आठवडाभर निघायची नाहीत.

मोटार दिवसातून दोनदा. सकाळी चांद्याकडून मूलकडे, संध्याकाळी परत. नाक पुढं आलेली, निळ्या रंगाची, टपावर कोंबड्यांच्या खुराड्यांपासून नवरीच्या पेटीपर्यंत सगळं लादलेली. भोंगा रबराचा होता, दाबला की रेड्यासारखा हंबरायचा. तिचा डायवर गफूरभाऊ. उंच, सडसडीत, दाढीला मेंदी, आणि बोलणं असं की भांडतोय का लाड करतोय हे कळायचं नाही. "चला वो बायाहो, मोटार तुमच्या सासऱ्याची नाई!" म्हणून ओरडायचा आणि एखादी म्हातारी धापा टाकत येताना दिसली की तिच्यासाठी हटकून थांबून राहायचा.

मोटारीखेरीज ट्रक यायचे. आलापल्लीच्या जंगलातलं सागवान घेऊन चांद्याकडे भरलेले जायचे, आणि रिकामे मूलकडे परतायचे. भरलेला ट्रक कण्हत कुंथत यायचा, त्याचं भय नव्हतं. भय रिकाम्याचं. तो सुसाट यायचा.

माझी माय बहिरी होती. जन्माची नव्हे. मी पोटात असताना तिला ताप आला आणि उतरताना कान घेऊन गेला, एवढंच मला ठाऊक. म्हणजे आजाचा आवाज तिला माहीत होता, बाचा माहीत होता, टिटवीचा, भोंग्याचा माहीत होता. माझा नव्हता. लहानपणी मला याचं फार वाईट वाटायचं. मी तिच्या कानाशी तोंड नेऊन जोरात ओरडायची आणि ती हसून माझ्या गालावर टिचकी मारायची.

बा दिवसभर तळ्यावर असायचा. मासे विकायचं काम मायचं. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपलं, टोपल्यात मरळ, झिंगे, जे काय असेल ते, वर ओला पळस. अनवाणी चार मैल मूलचा बाजार. डोक्यावर भार घेतलेल्या बाईला मान फिरवून मागं पाहता येत नाही, आणि मायला तर ऐकूही येत नव्हतं. म्हणून मी बरोबर. मी मायचे कान. तिच्या पदराचं टोक माझ्या मुठीत असायचं. मोटार आली की एक हिसका द्यायचा, गेली की दोन. सहा-सात वर्षांची असल्यापासून हे काम माझं होतं आणि मला त्याचा काय तो तोरा! गावातल्या पोरी लगोऱ्या खेळायच्या आणि मी मायला मूलला घेऊन जायची.

आता जी गोष्ट सांगते ती आजच्या पोरींना सांगितली की त्या हसतात. आमच्याकडे सुनांनी मोठ्या माणसांपुढून तोंड वर करून जायचं नसे. वाटेत सासरा, भासरा, म्हणजे मोठा दीर, दिसला की वाटेबाहेर व्हायचं, पदर ओढायचा आणि पाठ फिरवून उभं राहायचं. ते पुढं गेले की मग चालायचं. पायी चालणाऱ्यांच्या जगात हे ठीकच होतं. पण मोटार आली! मोटारीत तर पंचवीस-तीस माणसं. कोणाचा सासरा आत बसलाय, कोणाचा भासरा टपावर, काय सांगता? तेव्हा गावातल्या शहाण्यांनी ठरवून टाकलं की मोटार आली की सुनांनी तिच्याकडे पाठ करायची. झालं. सडकेनं चाललेल्या पाच बाया असोत की दहा, मोटारीची धूळ दिसली रे दिसली की सगळ्या काठाला होऊन जंगलाकडे तोंड करून उभ्या. वाघ आला असता तर आधी दिसला असता, पण मोटार दिसायची नाही!

माझी माय याच दगडापाशी थांबायची. इथं काठ जरा रुंद होता. मी हिसका दिला की ती दगडाला गुडघा टेकवून, सडकेकडे पाठ करून उभी राहायची.

एका वर्षी संक्रांतीनंतर चांद्याच्या बाजूला मैलभरावर शाळा निघाली आणि गुरुजी घरोघर पोरं मागत हिंडले. बा म्हणाला, "धाडू." आजा आधी "पोरीले काय करायचं हाये शाळेचं?" म्हणून गुरगुरला, पण गुरुजींनी त्याला 'पाटील' म्हटल्यावर विरघळला. आयुष्यात त्याला कोणी पाटील म्हटलं नव्हतं. मी पाटी घेऊन निघाले. आणि माय? माय स्वतःच्या तळपायांवर हात आपटून म्हणाली, "माहे पाय हायेत ना. मोटार येते तं जमीन थरथरते. पायाले समजते."

खरंच समजायचं. दोन महिने समजलं.

मी 'म'ला काना देत होते तेव्हा ते घडलं. मोटार आली, मायच्या पायांना कळली, ती दगडापाशी पाठ करून उभी राहिली. मोटार गेली, धूळ अंगावर आली, थरथर काही थांबेना. तिला वाटलं, मोटार अजून जवळच आहे, चालली आहे. वळून ती सडकेवर आली. ती थरथर मोटारीची नव्हती. मोटारीच्या धुळीत, अगदी पाठोपाठ, रिकामा ट्रक होता.

ट्रकवाल्यानं चाक वळवलं. ट्रक नालीत जाऊन कलला आणि मायच्या टोपल्याला त्याची फळी लागली. मायला नाही, टोपल्याला. एवढ्याच अंतरानं मला आई राहिली.

शाळेतून घरी आले तर मोटार आमच्या अंगणापुढं उभी आणि अर्धा गाव गोळा झालेला. माय ओट्यावर, कोपर सोललेलं. गफूरभाऊ तिच्या पुढ्यात उकिडवा बसला होता. मोटारीतल्या सगळ्या माणसांनी उतरून सडकेवरचे मासे वेचून आणले होते. त्यात एक भटजीबुवा होते. त्यांनी एक मरळ शेपटीला दोन बोटांत धरून, तोंड वळवून, हात लांब करून आणला म्हणे. आजा पुढं मरेपर्यंत ती नक्कल करून दाखवायचा.

माय रडली नाही. तिनं टोपल्यात हात घालून पाहिलं आणि म्हणाली, "दोन मरळ कमी हायेत गा. कुठी गेले?"

त्यावर गफूरभाऊच रडला. "माह्या मोटारीच्या धुळीनं मेली असती वो हे बाई," म्हणाला. "माह्याच धुळीनं."

मी पाटी नेऊन वळचणीला खोचली. कोणी सांगायची वाट पाहिली नाही. आजानं नंतर सांगितलंच: "पोरगी आता शाळेत जाणार नाई. मायचे कान मायजवळ." त्याचं चुकलं होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही. मीच पदर सोडला होता ना.

मी पुन्हा पदर धरला. रोज सकाळी पोरं शाळेकडे जायची आणि मी उलट्या दिशेनं. दिवाळीपर्यंत असं चाललं. गफूरभाऊ आता दगडापाशी मोटार हळू करायचा, कधी उतरून आजाशी हुज्जत घालायचा.

"आजा, तिले मोटारीकडं तोंड करून उभी राहू द्या ना जी. डोळे तं चांगले हायेत तिचे."

"सून होय ते. लोकायकडं टकमक पाहीन?"

"लोकायकडं नाई जी, मोटारीकडं!"

"मोटारीत लोक नाई बसत का, बैल बसतात?"

"मंग पोरगी जन्मभर शेपटावानी मागं मागं फिरन काय?"

"तुह्या जातीत काय करता ते करा," आजा म्हणायचा. "आमची रीत आमाले ठाऊक." आणि गफूरभाऊ हात जोडून, पुटपुटत, हँडल मारून मोटार चालू करायचा. आजा वाईट माणूस नव्हता. सुनेला दूध आधी, मला मग, स्वतःला उरलं तर, असा होता. पण रीत म्हणजे रीत.

मग भाऊबीज आली.

मायला भाऊ नव्हता. माहेरीच कोणी उरलं नव्हतं. भाऊबीजेला गावातल्या बाया मोटारीनं, बंडीनं भावाकडे जायच्या, आणि माय संध्याकाळी दिवा लावून अंगणात उभी राहून चंद्राला ओवाळायची. भाऊ नसलेल्या बाईचा भाऊ चंद्र. बीजेची ती कोर एवढीशी, लगेच मावळायची, म्हणून मायची घाई चालायची. दरवर्षी मी तिच्याजवळ उभी राहून तेलवातीचा वास घ्यायची.

त्या दिवशी सकाळची मोटार दगडापाशी आली आणि बंदच पडली. म्हणजे आम्हाला तसं वाटलं. गफूरभाऊ उतरला. धुतलेला सदरा, मेंदी ताजी, काखेत कागदाची पुडी. मोटार बायांनी खच्चून भरलेली, सगळ्या नटलेल्या, सगळ्यांना भावाकडे पोचायची घाई. "काऊन थांबली वो?" "पेटरोल सरलं का?" असा कालवा. तो तडक आमच्या अंगणात आला, मायच्या पुढ्यात खाली मांडी घालून बसला, आणि स्वतःच्या चेहऱ्याभोवती हात गोल गोल फिरवला.

मायला कळेना. त्यानं पुन्हा फिरवला. मग पुडी उघडून हिरवा खण मांडीवर ठेवला आणि कपाळावर बोट टेकवलं.

मायनं आजाकडे पाहिलं. तिनं सासऱ्याच्या तोंडाकडे असं सरळ पाहिलेलं मी पहिल्यांदा बघितलं. मोटारीतून एक म्हातारी ओरडली, "अव माय, पाहून काय राह्यली? दारी आलेल्या भावाले कोणी उपाशी ठेवते का? आन ताट!"

मग माय धावली. ताट आणलं, दिवा लावला. दिवाळीचं तेल होतंच. त्याच्या टोपीला पदर लागू नये म्हणून एका हातानं पदर सावरत तिनं गफूरभाऊला कुंकू लावलं आणि ओवाळलं. ज्योत हलत होती, मोटारीतल्या बाया खिडक्यांतून लोंबत होत्या, आणि आमच्या अंगणात चक्क दिवसाउजेडी भाऊबीज झाली.

गफूरभाऊ उठला आणि आजापुढं जाऊन उभा राहिला. "आजा, आता तुमीच सांगा जी. बहीण भावाकडं पाठ करते का?"

आजानं चिलीम खाली ठेवली. "नाई करत," म्हणाला.

"ते मोटार कोणाची?"

"तिच्या भावाची."

"मंग झालं!"

"आन् मागून ट्रक येते, ते कोणाचं?" आजा काही कच्चा नव्हता.

"त्याचे डायवर माह्या पंगतीत बसून खातात. माहे भाऊ ते तिचे भाऊ. तुमची सून भावायच्या बाबतीत आता लय श्रीमंत झाली, आजा!"

आजा हसला. खोकला येईपर्यंत हसला. आणि वळचणीची पाटी काढून त्यानं माझ्या हातात दिली, "जाय, उद्यापासून जाजो," म्हणाला. मी ती पाटी अंगावर घेऊन झोपले होते.

दुसऱ्या दिवशी गफूरभाऊनं मायला सडकेवर उभं करून शिकवलं. मोटारीनं डावीकडून जायचं, माणसानं उजवीकडून, म्हणजे समोरून येणारं दिसतं आणि मागून येणारं सडकेच्या पलीकडून जातं. आमच्या शाळेत तर गुरुजी सगळ्यांनाच डावीकडून चालवत होते! आणि दगडापाशी पोचली की दर वेळी थांबून, अख्खं अंग वळवून मागंपुढं बघायचं, मोटार असली तर तिच्याकडे तोंड करून उभं राहायचं. आणखी एक गोष्ट त्यानं स्वतःच्या डोक्यानं काढली. दगडापाशी आला की तो मोटार हळू करून खिडकीतून हात बाहेर काढायचा. धुळीत मागं एक गाडी असली तर एक बोट. दोन असल्या तर दोन. कोणी नसलं तर मिटलेली मूठ. मूठ म्हणजे रस्ता मोकळा, जाय बाई. माय तळहात वर करायची, म्हणजे समजलं. मगच तो वेग घ्यायचा.

चांद्याच्या मोटारतळावर त्यानं हे सगळ्यांना सांगितलं. महिनाभरात ट्रकवालेसुद्धा दगडापाशी हात बाहेर काढायला लागले. पंजाबी असो, तेलंगी असो, नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, पण बोटं दाखवणार. गावातल्या बाकीच्या सुनांनी काय केलं? त्यांनी एका आवाजात सांगितलं की तिचा भाऊ तो आमचाही भाऊच, आणि सगळ्या सडकेकडे तोंड करून उभ्या राहू लागल्या. पुरुषांना बोलायला जागाच उरली नाही. त्यानंतर आमच्या गावाशी, मी सांगते, माझ्या लहानपणी एक माणूस चाकाखाली आला नाही. एक बकरी गेली, पण ती त्या जातीचीच होती.

मी शिकले. चौथी झाली, सातवी झाली, मास्तरीण झाले. मायला माझा आवाज कधी ऐकू आला नाही, पण माझं अक्षर तिनं पाहिलं. पहिल्यांदा पगारी शाळेत जायला निघाले तेव्हा याच दगडावरच्या 'चांदा'वर माझं बोट ठेवून तिनं विचारलं, "इथी काय लिवलं हाये?" मी हवेत बोटानं चांद्याची दिशा दाखवली. "एवढे वर्स याच्या बाजूले उभी राह्यली, यानं सांगतलं नाई," म्हणाली आणि खूप हसली. मी आज जे काही आहे ते त्या माणसाच्या बोटांवर उभं आहे. ऋण वगैरे मोठे शब्द मला वापरता येत नाहीत. पण सकाळी चहाचा पहिला घोट घेताना मला तो आठवतो, आणि बरं वाटतं.

माय गेली तेव्हा तिचे सगळे केस पांढरे झाले होते. खोकल्यानं गेली, स्वतःच्या अंथरुणावर, माझ्या मांडीवर डोकं ठेवून. सडकेला डांबर लागलं होतं, मोटारी लाल झाल्या होत्या आणि आजा, बा कधीच गेले होते. मायला अंघोळ घातली आणि बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. माहेर कुठं होतं तिला? मी माझं एक नवं पातळ काढायला पेटीकडे वळले, तेवढ्यात सडकेवर बस थांबल्याचा आवाज आला. दगडापाशी थांबा नव्हता. तरी थांबली.

गफूरभाऊ उतरला. काठी टेकत, वाकलेला, दाढी आता मेंदीविना पांढरीफेक. काखेत कागदाची पुडी. कोणी निरोप दिला, कोण जाणे. चांद्याला जाणाऱ्या कुठल्यातरी डायवरनंच दिला असणार. अंगणात येऊन त्यानं पुडी माझ्या हातात दिली. हिरवं लुगडं होतं.

"मले उशीर तं नाई ना झाला, बेटा?" एवढंच त्यानं विचारलं.

मसणवट तळ्यापलीकडे, म्हणजे सडक ओलांडायची. तिरडी दगडापाशी आली. दोन्हीकडून गाड्या येत होत्या, तेव्हाही गर्दी झालीच होती. कोणी काही म्हणायच्या आत गफूरभाऊ काठी टाकून सडकेच्या मधोमध जाऊन उभा राहिला. एक हात चांद्याकडे, एक मूलकडे. गाड्या थांबल्या. त्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, नीट पाहिलं, वेळ लावून. मग मायकडे तोंड केलं आणि उजव्या हाताची मूठ मिटून वर केली.

आम्ही तिला घेऊन सडक ओलांडली. मी मागं वळून पाहिलं तर मूठ तशीच वर होती.

"आजी, काम थांबलंय," मुकादम म्हणाला. तो इतका वेळ शेजारीच उकिडवा बसून ऐकत होता, आणि यंत्रवालाही यंत्र बंद करून उतरला होता. "दगड तुमच्या घरी पोचवून देऊ का? इथं कोणाच्या उपयोगाचा नाही आता."

"घरी नको," मी म्हटलं. "इथंच जरा मागं, झाडाखाली बसवून द्या. जमेल?"

"जमेल की. तोंड कुठं करू? गावाकडे?"

"नाही बापा," मी म्हटलं. "सडकेकडे कर."